आडवा वारा आणि चिमुकलं विमान

विमानाचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते दीड-दोनशे उतारूंचं मोठं विमान. पण आकाशात उडणारी सगळीच विमानं काही एवढी अवाढव्य नसतात. दोन किंवा चार माणसांपुरती, नाकाशी एकच पंखा गरगरणारी, आत बसलं तर शेजारच्या माणसाचा खांदा आपल्या खांद्याला लागेल अशी चिमुकली विमानंही असतात. वैमानिक होऊ पाहणारी मुलं-मुली पहिले धडे गिरवतात ते याच विमानांवर. आणि आता मुलीही काही थोड्याथोडक्या नाहीत बरं का! भारतातल्या व्यावसायिक वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे 15 टक्के आहे असं सरकारनं सांगितलेलं आहे. जगाच्या सरासरीच्या मानानं हा आकडा कितीतरी मोठा आहे. तेव्हा आपल्या नात्यात, शेजारात, निदान ओळखीत तरी अशी एखादी मुलगी आज असतेच, आणि तिची आई रोज संध्याकाळी घड्याळाकडे बघत असते.

या आईला काळजी वाटते ती विमान उंच आकाशात असतानाची. खरं म्हणजे काळजी करायची तर ती विमान जमिनीला टेकतानाची करायला हवी. छोट्या विमानांचे सगळ्यांत जास्त अपघात होतात ते उतरताना. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की यातले बहुसंख्य अपघात जीवावर बेतत नाहीत. पंखा वाकतो, चाक मोडतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं, आणि आतली माणसं घाबरीघुबरी होऊन पण हातीपायी धड बाहेर येतात. या अपघातांच्या चौकशीत एक कारण पुन्हा पुन्हा पुढे येतं. ते म्हणजे आडवा वारा.

वारा विमानाचा शत्रू आहे असं मात्र समजू नका. समोरून येणारा वारा तर विमानाला हवाच असतो. त्यामुळे पंखांखाली आधार मिळतो, जमिनीच्या हिशेबानं वेग कमी राहतो आणि विमान थोडक्या जागेत थांबतं. घोटाळा होतो तो वारा बाजूनं आला की. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवरून छत्री घेऊन चालून पहा. वारा समोरून असेल तर छत्री पुढे धरून, मान खाली घालून आपण चालतो. पण तोच वारा समुद्राच्या बाजूनं आडवा आला की पाय एकीकडे, पदर दुसरीकडे आणि छत्री तिसरीकडे! विमानाचंही तसंच होतं. फरक इतकाच, की चालताना आपले पाय जमिनीवर असतात आणि विमान वाऱ्यात तरंगत असतं. वारा ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला तेही सरकतं. धावपट्टी मात्र जागची हलत नाही.

गंमत अशी की जुन्या काळी ही अडचण फारशी नव्हतीच. तेव्हाचे विमानतळ म्हणजे मोकळी मैदानं. वैमानिकानं वारा कुठून येतो ते बघायचं, आणि त्याच्याकडे तोंड करून हव्या त्या दिशेनं उतरायचं. 1932 च्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जुहूची ती जागाही अशीच मातीची सपाट पट्टी होती. 1936 साली लाहोरला सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या तरुणीनं, घरी चार वर्षांची मुलगी असताना, चक्क साडी नेसून 'जिप्सी मॉथ' विमान चालवलं आणि परवाना मिळवला. ते विमान तर इतकं हलकं की जोराच्या वाऱ्यात त्याला धरून ठेवावं लागे. पण तेव्हाच्या मोकळ्या मैदानांवर आडवा वारा टाळता येत असे. पुढे विमानं जड झाली, त्यांना पक्की लांबलचक धावपट्टी लागू लागली. एकदा सिमेंट-डांबर ओतलं की दिशा कायमची ठरली. वाऱ्याला कुणी ओतून ठेवलेलं नाही!

म्हणून धावपट्टी आखताना त्या गावी वर्षातला बराच काळ वारा कुठून वाहतो ते आधी पाहतात. काही ठिकाणी एकीवर भागत नाही म्हणून दुसऱ्या दिशेची दुसरी पट्टी करतात. मुंबईच्या सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. या पट्ट्यांना जे नंबर असतात ते दिशेचे. होकायंत्रावरच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून टाकायचं की झाला नंबर. 27 म्हणजे 270 अंश, म्हणजे पश्चिमेकडे तोंड. 09 म्हणजे तीच पट्टी उलट्या बाजूनं, पूर्वेकडे तोंड. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वारा किती आडवा आहे हे काढायची वैमानिकांची एक युक्ती आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर बसते. वारा आणि धावपट्टी यांच्यात जितक्या अंशांचा कोन, तितकी मिनिटं धरायची. 15 अंश म्हणजे पाव तास, तर वाऱ्याच्या जोराचा पाव भाग आडवा धरायचा. 30 अंश म्हणजे अर्धा तास, तर अर्धा. 45 अंशांना पाऊण. आणि 60 अंशांच्या पुढे गेलं की सगळाच्या सगळा वारा आडवाच समजायचा. धावपट्टीजवळ खांबावर कापडाची एक निमुळती नळी बांधलेली असते. तिला विंडसॉक म्हणतात. गच्चीत वाळत घातलेल्या पायजम्यासारखी ती दिसते आणि कामही तेच करते. ती लोंबत असेल तर वारा नाही. ताठ आडवी फडफडत असेल तर वारा साधारण 15 नॉटचा, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या घरातला किंवा जास्तच.

हा 15 नॉटचा आकडा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. जगभर शिकवणीसाठी वापरलं जाणारं 'सेसना 172' हे विमान बनवणाऱ्यांनी चाचणीत जेवढ्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, तो आकडा 15 नॉट असा पुस्तिकेत लिहिलेला असतो. कायद्यानं घातलेली ती मर्यादा नव्हे. पण चाचणी करणारा वैमानिक मुरलेला असतो. आपली मुलगी तो असत नाही. म्हणून शिकाऊ विद्यार्थ्याला शिक्षक याहून बरीच कमी मर्यादा घालून देतात, आणि ती वाढवायची ती हळूहळू, शेजारी शिक्षक बसलेला असताना.

मग आडव्या वाऱ्यात विमान उतरवतात तरी कसं? नदी ओलांडणारा नावाडी आठवा. समोरच्या घाटाला लागायचं तर तो नावेचं नाक घाटाच्या बरंच वर, प्रवाहाच्या उलट्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते पण नेमकी घाटालाच लागते. विमानाचंही नाक असंच वाऱ्याच्या बाजूला वळवून धरतात, आणि विमान खेकड्यासारखं तिरकं तिरकं धावपट्टीकडे येतं. इथवर सोपं आहे. पण नाव तिरकी घाटाला लागली तर बिघडत नाही. विमानाला चाकं असतात, आणि ती तिरकी टेकली तर बाजूनं जोराचा हिसका बसतो. म्हणून टेकण्याच्या अगदी आधी पायानं सुकाणू दाबून नाक सरळ करावं लागतं. आणि नाक सरळ केलं की वारा पुन्हा बाजूला लोटायला लागतो. तो लोटू नये म्हणून ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूचा पंख थोडा खाली झुकवायचा. हाताचं काम एक, पायाचं काम त्याच्या उलट, आणि डोळे पट्टीच्या टोकाकडे. हे सगळं काही सेकंदांत.

त्यामुळे अशा वेळी बरोबर उतरलेलं विमान आधी एकाच चाकावर टेकतं, मग दुसरं चाक, मग नाकाचं. आत बसलेल्या पाहुण्यांना वाटतं, काय ही बाई विमान वाकडं टेकवते! वास्तविक तेच शहाणपणाचं टेकणं असतं. आणि टेकलं म्हणजे सुटलो असंही नाही. वेग कमी होत जातो तसतशी सुकाणूची पकड सैल होते आणि शेपटीच्या उभ्या पाटीवर वारा लागून विमानाचं नाक वाऱ्याकडे फिरू पाहतं. कित्येकांचा घात होतो तो इथे. हुश्श म्हणून हात-पाय सैल सोडले की विमान पट्टी सोडून गवतात.

ज्या विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं त्यांची तर आणखी निराळी खोड. हातगाडी पुढून ओढली तर सरळ येते. तीच मागून ढकलली की जराशानं आडवी फिरते, नाही का? या विमानांचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, म्हणून ती ढकललेल्या गाडीसारखी वागतात. एकदा शेपटी बाजूला जायला लागली की वेळेवर सावरावं लागतं, नाहीतर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. अशा शेपटीच्या चाकाच्या, अकरा वर्षं वापरलेल्या 'सेसना 180' मधून 1964 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेरी मॉक यांनी एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे करणारी जगातली ती पहिली स्त्री. वय 38, तीन मुलांची आई, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी नाव ठेवलं 'उडणारी गृहिणी'! 29 दिवसांच्या त्या वाटेवर ती कराची, दिल्ली आणि कलकत्त्यालाही उतरली होती. मधे बर्म्युडाला हवा बिघडली तर ती जवळजवळ आठवडाभर तिथे बसून राहिली. दुसरी एक अमेरिकन बाई त्याच विक्रमासाठी दोन दिवस आधीच निघालेली होती, तरीसुद्धा बसून राहिली. मला तिच्या प्रदक्षिणेइतकंच या बसून राहण्याचं कौतुक वाटतं.

आडव्या वाऱ्याची कटकट कायमची मिटवावी म्हणून कुणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. 'एरकूप' नावाचं एक छोटं विमान दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत निघालं. त्याला पायानं दाबायचं सुकाणूच नव्हतं. तिरकं आलं तर तिरकंच टेकवायचं, मजबूत चाकं ते आपोआप सरळ करून घेत. महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानात, जिथे बायका झगे आणि पडदे खरेदी करायला जात, तिथे हे विमान विक्रीला ठेवलं होतं. पण घराघरात विमान येण्याचा तो काळ काही आला नाही.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड आहे. 9 जून 2016. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ह्यूस्टन शहर, तिथला हॉबी विमानतळ. दुपारी एकच्या सुमाराचा लख्ख उजेड. एक बाई चार आसनांचं 'सिरस' विमान घेऊन ओक्लाहोमाहून आली होती. बरोबर घरचेच दोघे जण. कुटुंबातल्या आजारी माणसाला भेटायला ती मंडळी निघाली होती. हॉबी हा गजबजलेला विमानतळ. मोठ्या कंपन्यांची जेट विमानं तिथे एकामागून एक उतरत असतात.

तिला आधी 4 नंबरच्या धावपट्टीवर उतरायला सांगितलं होतं. पण मागून वेगवान जेट विमान येत होतं, म्हणून टॉवरमधल्या नियंत्रकानं तिला मधूनच बाजूला काढलं. मग फिरवून फिरवून 35 नंबरची पट्टी दिली. आता मघाचा दिशांचा हिशेब करून पहा. वारा 90 अंशांवरून, म्हणजे पूर्वेकडून, 13 नॉटचा, मधे मधे 18 पर्यंत झोत. 4 नंबरच्या पट्टीवर तो तिरका समोरून आला असता, थोडा आधार मिळाला असता. 35 नंबरची पट्टी 350 अंशांची, जवळजवळ उत्तरेकडे. तिथे तोच वारा पूर्णपणे आडवा, समोरून काडीची मदत नाही. घड्याळाच्या युक्तीनं सगळाच्या सगळा.

त्या पट्टीवर ती दोनदा आली, आणि दोन्ही वेळा जरा जास्तच उंचावर राहिली. दोन्ही वेळा तिनं उतरण्याचा हट्ट सोडून विमान पुन्हा वर घेतलं. याला 'गो अराउंड' म्हणतात, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण शेवटच्या खेपेला वर जाताना एक घात झाला. उतरताना पंखांच्या मागच्या झडपा खाली सोडलेल्या असतात. त्यांच्यामुळे विमान कमी वेगातही तरंगतं. वर जाताना त्या मिटायच्या, पण आधी वेग वाढू द्यायचा आणि मग. इथे वेग पुरेसा नसतानाच झडपा मिटल्या गेल्या आणि विमान वळणात होतं. पंखांनी आधार सोडला आणि विमान गिरकी घेऊन एका दुकानाच्या आवारात, उभ्या असलेल्या रिकाम्या मोटारीवर कोसळलं. तिघंही गेले. अख्खं विमान तोलून धरणारी हवाई छत्री त्या विमानाला होती, पण तिला उघडायला उंची लागते, आणि तेवढी उंची उरली नव्हती.

एन. टी. एस. बी. या सरकारी चौकशी संस्थेनं मुख्य कारण झडपांचं आणि वेगाचं दिलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. पहिल्या नियंत्रकानं तिला त्या गर्दीतच फिरत ठेवलं, आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्यानं, ऐन नाजूक क्षणी, नको इतकी गुंतागुंतीची सूचना दिली, हेही अहवालात नोंदवलं. आणि शेवटी एक गोष्ट वैमानिक बाईच्या खाती लिहिली. तिनं ठामपणे आपलं म्हणणं मांडलं नाही.

हे वाचलं आणि मला क्षणभर रागच आला. म्हटलं, मेल्यावरसुद्धा बाईलाच बोल! पण शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं, की चौकशी करणाऱ्यांचं खोटं नव्हतं. नियंत्रक सांगतो ते सगळं ऐकायचं, पुढची सूचना, त्याच्या पुढची सूचना, आणि प्रत्येकीला बरं म्हणायचं. हे आपल्याला किती ओळखीचं आहे! चार पाहुणे आले, त्यात आणखी दोन आले, कुणी म्हणालं आता पुरणपोळीच कर, आणि आपण पदर खोचून हो म्हटलं. घरात याची किंमत कंबरदुखीवर भागते. तिथे तसं भागलं नाही.

खरं तर विमानाच्या भाषेत नकाराला हक्काचा शब्द आहे. 'अनेबल'. म्हणजे जमत नाही. हा बिनतारी संदेशांतला अधिकृत शब्द आहे आणि जगभर चालतो. वैमानिकानं तो उच्चारला की नियंत्रकाला दुसरा मार्ग काढावाच लागतो. ही पट्टी नको, वारा आडवा आहे, दुसरी द्या. एवढं वळण आता जमणार नाही. मला जरा लांब, मोकळ्या जागी फिरत राहू द्या, मी सावरून घेते. यातलं काहीही म्हणायला कमीपणा नाही. विमानात बसलेल्या माणसांची जबाबदारी वैमानिकावर असते, टॉवरमधल्या माणसावर नाही, आणि कायदाही तिच्याच बाजूचा आहे.

ठामपणा बायकांतच कमी असतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. 22 मे 2010 रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान उतरताना दरीत कोसळलं आणि 158 माणसं गेली. तिथे आडव्या वाऱ्याचा प्रश्न नव्हता. विमान फार उंचावरून, फार वेगानं आलं होतं. सहवैमानिकानं 'गो अराउंड' असं एकदा नव्हे तर तीनदा म्हटल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. मुख्य वैमानिकानं ते मानलं नाही. दोघंही पुरुषच होते. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या कानापाशी अडलं. म्हणून आता विमान कंपन्यांत शिकवतात, की 'गो अराउंड' केलं म्हणून कुणाला जाब विचारायचा नाही. छोट्या विमानाच्या वैमानिकाला जाब विचारणारी कंपनी नसतेच. त्याला किंवा तिला जाब विचारतो तो आतला मनुष्य, आणि कधी कधी घरचा मनुष्य.

हा घरचा मनुष्य म्हणजे आपण. पोहोचायची घाई वैमानिकाच्या डोक्यात बहुधा घरूनच जाते. "जेवायला थांबलोय", "साखरपुड्याला वेळेवर ये हं", "अगं, एवढ्याशा वाऱ्याला काय घाबरायचं?" अशी वाक्यं आपण प्रेमानंच बोलतो. ती विमानात तिच्या शेजारी येऊन बसतात. तेव्हा मुलगी विमान चालवत असेल तर येण्याची वेळ विचारू नये, फार तर दिवस विचारावा. मुलगी शिकत असेल तर तिला आज किती उंच उडालीस असं विचारण्याऐवजी, शिक्षकांनी तुला किती वाऱ्यापर्यंत परवानगी दिली आहे, ते विचारावं. तिला तो आकडा पाठ असला पाहिजे. आज वारा होता म्हणून उडालेच नाही, असं ती म्हणाली तर चेहरा पाडू नये. फ्लाइंग क्लबची फी तासावर असते आणि फुकट गेलेला दिवस आईबापांना बोचतो, हे खरं आहे. पण फी भरताना असे पाच-सात दिवस आधीच हिशेबात धरून ठेवावेत.

आणि लांबच्या उड्डाणाला ती निघाली की तिच्या पिशवीत एका रात्रीचे कपडे, टूथब्रश, लागत असतील ती औषधं आणि लॉजपुरते पैसे ठेवून द्यावेत. वाऱ्यामुळे भलत्याच गावी उतरावं लागलं, तर तिथे मुक्काम करायला तिला काही अडचण पडायला नको.